दारू सोडून

"दारू सोडून आणखी काही घेता का?"
सुलक्षणाबाईंनी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.
वाशीचा पालिका दवाखाना, तिसरा मजला,
पंख्याला मध्येच उचकी लागायची.
माझ्या ओठामागे सकाळचा बार भरलेला,
बोललो असतो तर शर्टावर आलं असतं.
नुसती मान हलवली. नाही.
त्यांनी रेघेवर फुली मारली
आणि आम्ही दोघं सुटलो.

तेव्हा हात असे थरथरत
की चुना तंबाखूला न लागता
मनगटाला लागायचा.
रत्ना मळून द्यायची. हो, रत्नाच.
पंधरा वर्षं जिने बाटल्या मोरीत ओतल्या
तीच अंगठा घासायची, थाप मारून भुकटी उडवायची,
म्हणायची, हे खा, पण घरी ये.

कांदा-बटाटा मार्केटात मी मापाडी.
वजनात मारायचं कसं ते मला शिकवू नका.
एका पारड्यातलं काढायचं,
दुसऱ्याच्या बुडाला चिकटवायचं,
काटा मधोमध.
दोन पुड्यांच्या सात झाल्या.
झोप येईना म्हणून मेडिकलच्या पोऱ्याकडून
चिठ्ठीविना अर्धी गोळी, मग अख्खी.
आणि दर गुरुवारी कोपरखैरण्याच्या शाळेत,
बालवाडीच्या बुटक्या बाकांवर
गुडघे कानाशी घेऊन बसलेल्या आमच्या मंडळींत
मी उभा राहून सांगायचो: एकशे बारा दिवस.
टाळ्या.
खोटं नव्हतं ते.

खरं बोलणं वर्गात व्हायचं नाही,
व्हायचं ते चहाच्या सुट्टीत, जिन्याखाली,
पाण्याच्या टाकीला टेकून.
एक काडी, चार बिड्या.
दिवाळ्याचा हरेश्वर कोळी तिथे सांगायचा,
पोराच्या बारशाला आपण कुठल्या गटाराशी होतो ते.
आधी चिमूट पुढे करायचा, मग बोलायचा.
मी कुणाचं दुःख कोरड्या तोंडाने
ऐकलेलं नाही.

शिमग्यानंतर तो येईनासा झाला.
मी गावात गेलो. जेट्टीवर जाळं सांधत बसलेला,
बाजूला पेजेचा पेला, गार,
ताज्या बोंबलांच्या गावात मीठसुद्धा नाही त्यात.
"डॉक्टर म्हणतो, आ कर. आ होतच नाय."
दोन बोटं उभी धरून दातांशी नेली,
तिथेच अडली.
"जनमभर ग्लासात दोन बोटं मोजली रे,
आता तोंडात मोजतात."
आणि हसला, उघडेल तेवढाच.
दारू सोडून त्याला चार वर्षं झाली होती.

परवा पुन्हा तिसरा मजला.
बाई त्याच, पंखा नवा.
"दारू सोडून आणखी काही?"
शब्द तेच. या वेळी लागले वेगळे.
मान हलवून हो म्हणता आलं असतं,
पण मग त्या विचारणार,
काय, किती, कधीपासून,
आणि तेवढं बोलायला तोंड रिकामं लागतं.
मी हाताने थांबा म्हटलं.
बेसिन व्हरांड्याच्या पार टोकाला.
रांगेतलं कुणीतरी करवादलं.
खिशातली चुन्याची डबी चालताना
मांडीवर वाजत होती,
बाईंनी पेन फॉर्मवर आडवं ठेवलं
आणि पहिल्यांदाच मान वर केली.