थरथर, ताशी पासष्टला

आधी कागद वाचले.
थंडर बेच्या ग्रंथालयात, हीटरशेजारच्या टेबलावर,
रात्रपाळी संपवून, हातांना अजून फिनेलचा वास.
एकोणीस बुलेटिनं, एकाच गिअरबॉक्सची.
कंपनीनं आपल्याच मेकॅनिकांना लिहिलेली पत्रं;
डॉक्टर दाराआड हळू बोलतात
आणि फरशी पुसता पुसता मी ऐकते,
तशीच वाचली.

भाषा मोठी सोवळी.
'बिघाड' कुठेच नाही. 'चूक' तर नाहीच नाही.
'काही ग्राहकांना जाणवू शकते',
'सौम्य', 'विशिष्ट परिस्थितीत',
'हे वाहनाचे वैशिष्ट्य आहे, असे ग्राहकास समजावून सांगावे'.
सतरावं पत्र मात्र, सहा वर्षांनी आलेलं,
खाली मान घालून एवढंच म्हणतं:
जुनं ऑइल पूर्ण काढा. वेगळं भरा.
साडेअकरा लिटर.

आकड्याखाली मी दोनदा रेघ ओढली,
इतकी दाबून की पेन अडखळलं.
वहीतलं पान फाडून कोटाच्या आतल्या खिशात.
घासाघीस करताना टाकायचं
हुकमाचं पान.

लेम्पी सालोनेन नीबिंग नदीच्या वळणावर राहते.
गाडी भावाची. आर्वो मार्चमध्ये गेला.
करडी स्टेशन वॅगन, दोन लाख दहा हजार किलोमीटर,
दाराच्या कप्प्यात पेपरमिंटची डबी, मासेमारीचं लायसन,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस.
कुत्राही आता नाही.
किंमत तिनं पाठ केल्यासारखी सांगितली:
चार हजार दोनशे.

निघालो. ती शेजारी, पर्स मांडीवर घट्ट.
चाळीस. पन्नास. लोण्यासारखी.
साठ ओलांडले
आणि आलीच, टाचेखालून,
खडीवरून लाकडी घसरगाडी ओढावी तशी
थरथर. पासष्टला. कागदात लिहिल्याबरहुकूम.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
मनात पाचशे डॉलर उतरवले,
मग आणखी तीनशे.

लेम्पी काचेबाहेर बघत म्हणाली,
"हा रस्ताच असा.
आर्वो म्हणायचा, रस्ता ठीक आहे, गाडीत काहीतरी आहे.
तीनदा नेली डीलरकडे, तीनदा परत. नॉर्मल, म्हणाले.
मीही म्हटलं, तुझेच हात थरथरतात आता.
मग तो त्यावर बोलेनासाच झाला.
साठच्या आत चालवायचा. मागची रांग हॉर्न वाजवायची,
हा आपला पेपरमिंट चघळतोय."

आठशे डॉलर म्हणजे माझ्या पाच रात्री.
धान्याच्या बंद कोठाराजवळ गाडी कडेला घेतली
आणि पान तिच्या पर्सवर ठेवलं.

तिनं चष्मा शोधला. बोट ठेवून वाचलं.
सतराव्या पत्राची तारीख दोनदा विचारली.
"तेव्हा तो होता," म्हणाली.
नुसता होता? त्या वर्षी तर त्यानं
टायरही नवे घातले होते, चारही.
"ऑइल," ती म्हणाली. "एवढंच?"
साडेअकरा लिटर, मी म्हटलं, दोन तासांचं काम.
मग बराच वेळ कोरड्या काचेवर वायपर चालू राहिले,
माझ्याच कोपराचा धक्का लागून. बंद करायचं सुचलं नाही.

गाडी विकायची नाही, म्हणाली.
"उद्या नेते. त्याच डीलरकडे. हे पान घेऊन.
आणि तिथून सरळ काकाबेकाच्या धबधब्यापर्यंत,
नव्वदनं."
पान मी मागितलं नाही.
बसस्टॉपवर तिनंच सोडलं,
काटा अठ्ठावन्नच्या पुढे न जाऊ देता.

बस वीस मिनिटं उशिरा आली.
सगळ्याच वेगांना थरथरत होती,
कोणाचं काही म्हणणं नव्हतं.
वही उघडली. फाडलेल्या पानाखालच्या पानावर
त्या दोन रेघा बोटाला लागत होत्या.
त्याच पानावर लिहिलं:
शनिवारी, वेस्टफोर्ट, लाल हॅचबॅक.
बुलेटिनं सात. आधी वाचणे.