दंड

ग्वाल्हेरात गळे पारखतात.
आमच्या गल्लीत अजूनही पहाटे
कुणी ना कुणी खर्ज लावून बसलेलं असतं.
मी मात्र एकोणीस वर्षं
मुरारच्या दवाखान्यात, मागच्या वॉर्डात,
दंड मोजते.

डावा दंड. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे.
फीत आवळायची नाही, सैल सोडायची नाही,
बांगड्या भरणाऱ्या कासाराचा हात हवा.
साडेअकराच्या आत लाल,
साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा.
टीचभर पोटाचा हिशेब
एवढ्याशा फितीवर उतरतो.
हीच फीत म्हणे सुदानात आहे, येमेनमध्ये आहे.
ज्या गावांची नावं मला उच्चारता यायची नाहीत
तिथेही आत्ता कुणी बाई
एका डाव्या दंडाशी वाकली असेल.

बैजंती आली घाटीगावच्या पलीकडून, दगडखाणीवरून.
पोरगी चौदा महिन्यांची. भूरी.
दहा पूर्णांक चार.
मी लिहीत होते तोवर बैजंतीने
फीत स्वतःच्या मनगटाला गुंडाळून पाहिली.
जेमतेम हिरव्यात गेलं. हसली.

चौदा दिवस राहायचं.
दर दोन तासांनी दूध, वाटी-चमच्याने, रात्रीसुद्धा.
आईला रोजाचे थोडे पैसे,
कारण खाणीवरचा खाडा
चुलीला परवडत नाही.

नवव्या दिवशी बैजंती नव्हती.
भूरी शेजारच्या खाटेवर, रामश्रीच्या मांडीवर.
डॉक्टर चिडले. कारकुनाने दोन रोज कापले.
म्हणाला, नियम आहे बाई,
दंड भरावा लागणार.

अकराव्या दिवशी सकाळी उगवली.
पदराची गाठ सोडून टेबलावर ओतले
दोरे.
गोधडीचे, पोत्याच्या सुतळीचा, करदोट्याचा एक काळा.
वस्तीतल्या सात पोरांचे दंड
तिने दाताने तोडून आणले होते.
ओळख पटावी म्हणून
कुणाला मणी, कुणाला दुहेरी गाठ,
एकाला शेंगेचं टरफल बांधलेलं.
"पोरं कशी आणू? बसवाला सगळ्यांचं तिकीट मागतो."

फीत पसरली. एकेक दोरा शेजारी ठेवला.
सुतळी हिरव्यात.
दोन पिवळ्यात.
मण्याचा इतका आखूड
की मी तो पुन्हा ताणून पाहिला.
ताणल्याने दोरा वाढत नाही.

रजिस्टरात दोऱ्यांसाठी रकाना नाही.
मी ते शेऱ्याच्या जागी चिकटवले
आणि गाडी मागायच्या अर्जाला
तेच पान जोडलं.

रात्री भावाचा फोन, टोरांटोहून.
दर महिन्याला तो थोडे डॉलर पाठवतो
जगातली भूक संपवू म्हणणाऱ्या एका संस्थेला,
आणि दर महिन्याला मला विचारतो,
"ताई, पोचतं का गं हे कुठे?"
एरवी मी हो म्हणते, जेवलास का विचारते.
त्या रात्री म्हटलं, घरात दोरा आहे?
दहा सेंटीमीटर तोड.
आता टोकं जुळव.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, "यात माझी दोन बोटं जातात फक्त."
म्हटलं, पाठवत राहा.
आणि उद्या ऑफिसात कुणाला तरी
हा दोरा दाखव.

चौदाव्या दिवशी भूरीचा दंड
भरत आला होता: अकरा पूर्णांक एक.
अजून लालच.
पण फीत काढायला गेले
तर तिने मुठीत धरली, सोडेचना.

गाडी गुरुवारची मिळाली आहे.
बैजंती विचारते,
"सुतळीवाल्यालाही आणू?"
तो हिरवा आहे गं, मी म्हणते.
"आज आहे," ती म्हणते.