कोपरापर्यंत

गावाचं वय विचारलं तर
कोर्टो कागद काढत नाही.
केळींमागे उकिरड्यापाशी नेते,
खड्डा खणते, त्यात हात घालते,
आणि तांबडी लागेपर्यंत काळी किती
ते दाखवते: कोपरापर्यंत.

नदीपलीकडचं वेलेझू जेमतेम मनगटाएवढं.
"पोरसवदा गाव," ती म्हणते.

मुळात इथेही तांबडंच होतं,
पावसाने धुऊन धुऊन कस गेलेलं.
काळं करायचं असं कुणी ठरवलं नाही.
साबणासाठी कोकोची टरफलं जाळली,
राखेचं पाणी गाळलं, चोथा मागे फेकला.
पामतेलाच्या हंड्याखालचे विझलेले कोळसे,
माशांचे काटे, खापरं
(त्यातलं एक मडकं भांडणात फोडलेलं,
कुणी फोडलं, त्यावर अजून वाद आहे).
रोज थोडं थोडं. झाडलोट म्हणून.

लढाईत गाव पळालं.
अकरा वर्षांनी परतलो, तर नुसतं रान.
पुरुष झाडं मोजत राहिले, दिशा ठरवत राहिले.
कोर्टोने चपला काढल्या.
कठीण, कठीण, कठीण,
मग पायाची बोटं रुतली.
"ही माझ्या सासूची चूल."

आता तिथे कोको आहे, कोलाची दोन झाडं.
परवा मन्रोव्हियाहून शेतकी खात्याचा माणूस आला,
वही उघडून म्हणाला, खत कोणतं घालता?

कोर्टोला चुलीवरचं उतरवायचं होतं.
तिने राखेची टोपली त्याच्या हातात दिली.
म्हणाली, उभाच आहेस, तर एवढी टाकून ये.