जयनं ते वाचनं

अमळनेर. तिसऱ्या वर्षाचा इतिहास, वर्गात पाचजण,
पंख्याचं एक पातं गायब.
मी फळ्यावर पायलॉसचा राजवाडा काढतो,
भिंत वाकडी येते.

पुरावा काय, सर?
मातीच्या पाट्या. ओल्या असताना ओरखडलेला हिशेब:
मेंढ्या इतक्या, तेल इतकं,
दळणाऱ्या बाया इतक्या, त्यांची पोरं इतकी.
त्यात ना युद्ध, ना कविता.
कच्च्याच होत्या, जपायच्या नव्हत्याच कुणाला.
मग एके दिवशी राजवाडा पेटला
आणि पाट्या भाजून निघाल्या.

शेवटच्या बाकावरची कोकिळा कुंभार
जूनपासून पहिल्यांदा बोलते,
"म्हणजे भट्टीच लागली."
बोरीकाठी वीटभट्टी आहे तिच्या बापाची.
"कच्च्या विटेला पाणी लागलं की परत चिखल, सर.
आबा म्हणतात, जयनं ते वाचनं."

वाचनं.
मी खडू धरून उभा.
आधी ते नुसतं वाचलं, तीन हजार वर्षं,
मग कुणीतरी ते वाचलं.
एकच शब्द.
बावीस वर्षं शिकवतोय, कानावर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून वीट काढते,
हजेरीपटावरच ठेवते.
कडेला कुत्र्याचा पंजा,
पाठीवर काडीनं ओढलेल्या चार उभ्या रेघा, एक आडवी.
"पाच खेपा, बबीबाईच्या.
ती गेली पुढं सुरतेकडं."

पैसे मिळाले तिला?

कोकिळा वीट उलटी करून बघते.
"ते यावर नाही, सर."