निरंक

वाकडच्या चौकातला झेरॉक्सवाला उंबरजे
माझा बायोडेटा आता न बघताच काढतो.
दहा प्रती, वीस रुपये.
आज म्हणाला, "वर्ष होत आलं, अजून एकच पान?"

कर्वेनगरात एक कन्सल्टन्सी आहे, जिन्याखाली.
तिथल्या बाईंनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला
आणि दर सांगितला :
दोन वर्षांचा अनुभव, पंचेचाळीस हजार.
पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर,
चौकशीचा फोन आला तर उचलणारा साहेबसुद्धा.
प्रणितनं घेतलाय. पिंपळे सौदागरला फ्लॅट बघतोय.

रात्री कॉट बेसिसच्या खोलीत
चौथ्या कॉटवर मी माझं पान वाचतो.
जावा. एसक्यूएल.
मेसवाल्या काकूंचा उधारीचा हिशेब
एका छोट्या प्रोग्रॅममध्ये बसवून दिला,
तेव्हापासून रविवारची फीस्ट मला फुकट.
हे कुठल्या मथळ्याखाली घालू?

नाना बार्शीच्या तहसिलीत कारकून होते.
रिकाम्या रकान्यात लाल शाईनं लिहायचे : निरंक.
मोकळा सोडू नये, म्हणायचे,
मागाहून कुणीही काहीही भरतं.

सकाळी हिंजवडीच्या गेटवर रजिस्टर पुढे आलं.
नाव. वेळ. कोणाकडे काम.
कंपनी :
इथं पेन अडलं.
वॉचमन म्हणाला, "लिहा काहीतरी, मागे लाईन आहे."

लिहिलं.
त्यानं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं,
अक्षरावर बोट ठेवून वाचलं, मान वर केली :
"ही कुठल्या फेजला आली?"