तीन चौकटनंतर

एस्बियर्गच्या बंदरामागे, जुन्या मासळी-लिलावाच्या हॉलमध्ये
दर मंगळवारी बारा टेबलं मांडतात.
माझ्या उजवीकडे माल्टे, वय बावीस.
त्यानं लाल ‘स्टॉप’ कार्ड टाकलं
आणि मागोमाग तीन चौकट.

हातात काही नसलं की असंच करतात.
सात चौकट, बाकी पाचोळा,
आणि थेट तिसऱ्या पायरीवर उडी,
म्हणजे ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे
त्यांना सांगायला जागा उरू नये.

नियम असा, की दहा सेकंद थांबायचं.
थांबले.
इस्पिक एक्का राजा राणी, बदाम एक्का राजा गुलाम,
किलवर एक्का राजा. चौकट एकही नाही.
चोवीस गुण. एरवी आम्ही
एकेक पायरी चढत, एकमेकांना विचारत गेलो असतो.

एगॉनला फेब्रुवारीत झटका आला.
तेव्हापासून चमच्याला तो किल्ली म्हणतो,
मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारतो.
म्हणून तर इथे येतो आम्ही:
पेटीत छापील कार्डं, सगळे मिळून पंधरा शब्द,
डाव्या हातानंही बोलता येतात.

मी डबल टाकलं.
म्हणजे, माझ्याकडे खूप आहे, तू बोल.
कर्स्टन पास.
एगॉनचा अंगठा पेटीत बराच वेळ.
चार बदाम.
चार! तीनवर भागलं असतं, बाबा.
मी सहा केले,

आणि मग उमगलं, बदाम आधी तो बोलला.
खेळणार तो.
माझं सगळं वैभव टेबलावर उताणं,
आणि डमीनं तोंड उघडायचं नसतं.

माल्टेनं चौकटचा राजा उतरला.
हुकूम मारायचा, एवढंच.
‘बदाम, लहान’ म्हटलं की झालं.
एगॉननं ओठ जुळवले.
“चौकट,” तो म्हणाला.

कर्स्टन कॉफीचं झाकण फिरवत राहिली.
नियमपुस्तकात यालाही कलम आहे:
डमीत नसलेलं पान मागितलं
तर ते मागितलंच नाही असं धरायचं
आणि पुन्हा मागू द्यायचं.
किती वेळा, ते लिहिलेलं नाही.

माल्टेनं आपली पानं पालथी ठेवली,
कुठे जायचं नसल्यासारखी.
त्याचं लाल कार्ड, उचलायचं राहून गेलेलं,
अजून मधोमध पडलं होतं.