सात नंबरचं रक्त

बांबोळीच्या टेकडीवर, दिवे मालवून
मी पेशी मोजते.
मिऱ्यातला तिखटपणा तेवढा काढून
तीन मात्रांत दिलेला.
धागा तुटला की पेशीला शेपटी फुटते,
धूमकेतूसारखी.
नाहीतर नुसता ठिपका.

नळीवर नाव नाही, फक्त सात.
पण सुई टोचली तेव्हा मी तिथंच होते.
वॉचमन कायतान तोंड फिरवून
सावईवेऱ्याच्या मिऱ्यांचा भाव सांगत होता.

गोल. गोल. गोल.
मोठ्या मात्रेला चार शेपट्या.
वहीत लिहिलं, चार.
परत मोजल्या. पाच.

गेटवर त्यानं विचारलं,
"आयतारा शागुती खाऊ ना, बाय?"
"खा रे. एवढी मिरी
सगळा वाडा मिळून खात नाही."

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.
पाचवी खरंच होती,
की माझ्याच पापणीचा केस?